पत्रे लागण्याआधी

तालुक्याच्या गावात एखाद्या जागेवर काही मोठं होणार आहे, हे लोकांना कळतं ते पत्रे लागल्यावर. आदल्या दिवशीपर्यंत पडीक असलेल्या जागेभोवती निळ्या पत्र्यांचं कुंपण उभं राहतं, पाठोपाठ पोकलेन येतो आणि आठवडा उलटायच्या आत गल्लीत निवेदनाचा कागद सह्यांसाठी फिरू लागतो. तोवर नकाशा मंजूर झालेला असतो, चलन भरलेलं असतं, थोडेबहुत फ्लॅटही बुक झालेले असतात. मग लोक नगरसेवकाच्या दारात जाऊन विचारतात, "परवानगी दिलीच कशी?" हा प्रश्न चुकीच्या माणसाला, चुकीच्या वेळी विचारलेला असतो. पण बरोबर वेळ कोणती होती, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आमचं गाव कृष्णेकाठचं, नगरपरिषदेचं. पेठेच्या बाहेर, शाळेच्या रस्त्याला लाकडाची एक जुनी वखार होती, साधारण दहा गुंठ्यांची. मालकांची मुलं पुण्याला स्थायिक झाली, वखार बंद पडली, जागा विकली गेली. तिथे पार्किंगवर पाच मजले होणार असं कळलं आणि ज्या गल्लीत गणपतीच्या वर्गणीवरूनही कधी वाद झाला नव्हता, त्या गल्लीत दोन तट पडले.

लोकांच्या तक्रारी खोट्या नव्हत्या. पाणी एक दिवसाआड येतं, तेही पाऊण तास. गटार उघडं आहे आणि जूनमध्ये तुंबतं. शाळा सुटायच्या वेळी रिक्षा, सायकली आणि एखादा उसाचा ट्रॅक्टर समोरासमोर आले की सगळ्यांनाच थांबावं लागतं. अशा ठिकाणी आणखी पंचवीस-तीस कुटुंबं आली तर काय होईल, ही भीती रास्तच आहे. पण निवेदनाचा कागद माझ्याकडे आला तेव्हा त्यातलं पहिलंच वाक्य असं होतं की, "सदर इमारतीमुळे परिसरात बाहेरील लोकांची वस्ती वाढून वातावरण बिघडेल." पाणी दुसऱ्या मुद्द्यात होतं आणि गटार चौथ्या. मी सही केली नाही. समोरच्या काकूंना सांगितलं, "पहिलं वाक्य काढा, मी घरोघर फिरून सह्या आणून देते." त्या रागावल्या. बरेच दिवस बोलत नव्हत्या.

बाहेरचे म्हणजे नक्की कोण, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. बँकेत बदलून आलेला तरुण, उपजिल्हा रुग्णालयातल्या नर्स, एसटीचे वाहक, आमच्याच शाळेत नव्याने लागलेली शिक्षिका. या शिक्षिकेला दोन खोल्या भाड्याने मिळेपर्यंत सगळं गाव पालथं घालावं लागलं. आधी आडनाव विचारायचे, मग गाव, मग "घरात काय काय शिजतं" ते. आडनाव ऐकल्यावर खोली "कालच दिली" गेलेली असायची. हे गावात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीही मोठ्याने बोलत नाही. ज्या गावात घरं कमी आणि घरमालक मोजके, तिथे भाडेकरूची अशीच चाळणी लागते. इमारतीत विकत घ्यायला किंवा भाड्याने राहायला शंभर ठिकाणी तोंड दाखवावं लागत नाही. निदान कमी दाखवावं लागतं. म्हणून मला गावात, बाजारापासून आणि शाळेपासून पायी जाता येईल अशा अंतरावर जास्त घरं हवी आहेत. हे मी ठामपणे म्हणते आणि त्यासाठी शेजाऱ्यांशी वाईटपणाही घेते.

दुसरं कारण गावाच्या वेशीवर दिसतं. गावात बांधू दिलं नाही म्हणून माणसं यायची थांबत नाहीत. ती बायपासच्या पलीकडे उसाच्या रानात एक-दोन गुंठे घेतात. तिथे रस्ता नाही, गटार नाही, नळ नाही, पण दर परवडतो. राज्याला २००१ साली गुंठेवारी, म्हणजे असे गुंठ्यागुंठ्याने विकलेले जमिनीचे तुकडे, नियमित करण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला आणि पुढे २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवावी लागली, यावरून हा प्रकार किती पसरलाय ते कळतं. पेठेतल्या लोकांनी अडवलेला प्रत्येक मजला रानात आडवा होऊन पडतो. मग तिथपर्यंत पाइप ओढायचे, दिवे लावायचे, घंटागाडी पाठवायची. तो खर्च सगळ्या गावाच्या घरपट्टीतून होतो.

आता नियमाकडे येऊ, कारण भांडणाचं मूळ तिथे आहे. डिसेंबर २०२० पासून राज्यात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. मुंबई, लोणावळा, गिरिस्थान नगरपरिषदा, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रं असे काही अपवाद सोडले तर सगळीकडे तीच. दाट वस्तीबाहेर मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येईल ते प्रमाण, १.१०. हजार चौरस मीटरचा प्लॉट असेल तर अकराशे चौरस मीटर. त्यावर अधिमूल्य, म्हणजे जादा शुल्क, भरून साठ टक्क्यांपर्यंत अनुषंगिक क्षेत्र मिळतं, त्यात जिने, बाल्कन्या, पॅसेज येतात. म्हणजे एकूण सतराशे साठ. याच्या वर पैसे भरून मिळणारा प्रीमियम एफएसआय आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क, मिळतो की नाही, ते समोरच्या रस्त्यावर ठरतं. रस्ता नऊ मीटरपेक्षा कमी असेल तर काही नाही. नऊ भरला की दार उघडतं.

ही नियमावली मंत्रालयात तयार झाली आणि कोकणातल्या चढणीच्या गावाला, कृष्णेकाठच्या सपाट गावाला आणि २०१६ साली ज्याला मिरजेहून रेल्वेने पाणी पाठवावं लागलं त्या लातूरच्या आसपासच्या गावांना सारख्याच मापाने लागू झाली. नकाशा नियमात बसत असेल तर परवानगी द्यावीच लागते. ती मुख्याधिकारी देतात, नगररचना विभागाच्या तपासणीनंतर. सर्वसाधारण सभेत त्यावर मतदान होत नाही आणि शेजाऱ्याची संमती लागत नाही. लागूही नये, नाहीतर कुणालाच घर बांधता येणार नाही. म्हणजे शेजाऱ्याला बोलायची जागा आधीच्या पायरीवर आहे: विकास योजनेचा आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा, किंवा बगिच्यासारख्या सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जागेचं आरक्षण बदलायची जाहिरात निघते तेव्हा. त्या वेळी गाव झोपलेलं असतं, कारण जाहिरात कुठल्या वर्तमानपत्राच्या कितव्या पानावर आली हे पाहणारं कुणी नसतं.

वखारीच्या प्रकरणात मी सोमवारी नगरपरिषदेत गेले. राज्य सरकारने नोव्हेंबर २०१८ मध्ये एक शासन निर्णय काढला आहे: जिल्ह्यातल्या सरकारी कचेऱ्यांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यायचे. त्याच्या कितीतरी आधी, २००९ पासून, पुणे महापालिकेत ही पद्धत होती. आमच्याकडे हा निर्णय कुणी ऐकलेलाच नव्हता. मी त्याची प्रत सोबत नेली होती. टेबलावरच्या साहेबांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "ताई, अर्ज द्या, कळवतो." मी म्हटलं, "अर्ज माहिती अधिकारात लागतो, साहेब. ही नुसती पाहणी आहे. बसते मी, चालेल." बऱ्याच वेळाने फाईल आली. माझ्याबरोबर गल्लीतले अण्णा होते, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यांना नकाशा वाचता येतो.

फाईल आम्ही पान पान पाहिली. सातबारा, मोजणीचा नकाशा, आर्किटेक्टचं प्रमाणपत्र, चलनाच्या पावत्या. सगळं जागेवर होतं. काहीतरी काळंबेरं सापडेल म्हणून आलेले अण्णा जरा हिरमुसले. मग त्यांचं बोट स्थळदर्शक नकाशावर थांबलं. समोरचा रस्ता: नऊ मीटर. तो रस्ता नऊ मीटर असता तर शाळा सुटताना ट्रॅक्टर अडलाच नसता. संध्याकाळी आम्ही टेप घेऊन तीन ठिकाणी मोजला. गटाराच्या आतल्या कडेपासून समोरच्या कुंपणापर्यंत कुठेच तो सात मीटरलाही पोचत नव्हता.

पुढच्या सोमवारी साहेबांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "विकास योजनेत नऊच आहे, ताई. रुंदीकरण प्रस्तावित आहे." कागदोपत्री ते खरंही होतं. आराखड्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रुंदीकरणाच्या रेषा होत्या, त्यातली एक काकूंच्या ओट्यावरून जात होती. काकूंना हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आराखडा मंजूर होऊन बरीच वर्षं झाली होती.

मला सगळ्यात जास्त राग याचा आला. पाच मजल्यांचा नाही, बिल्डरचाही नाही. एका बाईच्या घरासमोरून रेषा जाते, त्या रेषेच्या जोरावर समोर बांधकाम वाढतं आणि तिला नगरपरिषदेचा एक कागदही घरी येत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा आहे. त्याच्या कलम २६ प्रमाणे प्रारूप आराखडा राजपत्रात प्रसिद्ध होतो, हरकती मागवल्या जातात, कलम २८ प्रमाणे नियोजन समिती सुनावणी घेते. आता हरकतीला मुदत आहे तीस दिवसांची, पूर्वी साठ होती. वीस-पंचवीस वर्षांचं गाव ठरवायला तीस दिवस! आणि आराखडा लावतात कुठे, तर नगरपरिषदेच्या सभागृहात, कपाटाच्या बाजूच्या भिंतीवर. पिवळा म्हणजे रहिवासी, हिरवा म्हणजे शेती किंवा मोकळी जागा, असे रंग. त्यात आपलं घर शोधायचं कसं, हे सांगायला तिथे माणूस नसतो. गट नंबर ज्याला तोंडपाठ असतो तो शोधतो. तो बहुधा जमिनीचा मालक असतो किंवा जमिनीचा धंदा करणारा.

आणखी एक गोष्ट मला फार खटकते. तीच इमारत महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर उघडली तर मंजूर नकाशा, मजले, सदनिकांची संख्या, परवानगीची तारीख, सगळं घरबसल्या दिसतं. पाचशे चौरस मीटरच्या वरचा किंवा आठपेक्षा जास्त सदनिकांचा प्रकल्प असला की नोंदणी सक्तीची आहे, आणि २०१७ पासून हे सुरळीत चालू आहे. ग्राहकाला फसवणुकीपासून वाचवायला एवढी पारदर्शकता जमली, मग शेजाऱ्याला का जमत नाही? जागेवर फलक लावायचाही नियम आहे. मालक, आर्किटेक्ट, परवानगीचा क्रमांक, मंजूर क्षेत्र, आणि नकाशा कुठे पाहायला मिळेल तो पत्ता. आमच्याकडे फलक लागला, पण पत्र्यांच्या आतल्या बाजूला. अण्णांनी ठेकेदाराला सांगून तो बाहेर लावून घेतला. त्या दिवसापासून शाळेत जाणारी मुलं तो मोठ्याने वाचत जायची.

फाईल उघडल्यावर भांडणाचा सूर बदलला, हे मी स्वतः पाहिलं आहे. "इमारत नको" असं म्हणणारी गल्ली "गाड्यांचं दार शाळेच्या बाजूला नको" असं म्हणू लागली. हे बोलता येण्यासारखं होतं. बिल्डरकडचा माणूस आला, काकूंच्याच ओट्यावर बसून चहा प्यायला, आणि मागच्या बाजूला बोळ होता तिथून प्रवेश घ्यायला तयार झाला. पाण्याचं काही झालं नाही, कारण ते त्याच्या हातात नव्हतं. वाढीव जोडण्या देताना टाकीची क्षमता किती, हा प्रश्न नगरपरिषदेचा आहे आणि त्याचं उत्तर कुठल्याही फाईलमध्ये आम्हाला मिळालं नाही. विकास शुल्क आणि अधिमूल्य म्हणून गोळा झालेल्या पैशातून त्या प्रभागात नेमकं काय केलं, हे दरवर्षी जाहीर केलं तरी निम्मे वाद मिटतील असं मला वाटतं.

हे सगळं घडलं तेव्हा नगरपरिषदेत निवडून आलेलं कुणी नव्हतंच. २०१६ च्या शेवटी निवडून आलेली मंडळी मुदत संपून घरी गेली आणि पुढे जवळजवळ चार वर्षं राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक होते. कितीतरी ठिकाणी मुख्याधिकारी हेच प्रशासक. म्हणजे प्रस्ताव मांडणारा तोच आणि ठराव मंजूर करणाराही तोच. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या असं बजावलं, तेव्हा कुठे डिसेंबरात २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींची मतदानं झाली. लोकप्रतिनिधी असताना सगळं सोन्यासारखं होतं असं मी म्हणणार नाही. सभेच्या विषयपत्रिकेच्या शेवटी "ऐनवेळचे विषय" म्हणून जी ओळ असते, तिच्यात आमच्या गावात काय काय मंजूर झालंय, ते इतिवृत्तं वाचली की कळतं. जमिनीशी संबंधित विषय हमखास तिथेच. पण निदान भांडायला सभा होती, विरोधी बाकावर दोन माणसं होती, आणि बातमी देणारा वार्ताहर मागच्या खुर्चीवर बसलेला असायचा.

माझी मावशी गोव्यात, बार्देशात राहते. तिच्याकडे गेलं की हाच विषय निघतो, फक्त तिथे तो जास्त धगधगता आहे. २००६ साली "प्रादेशिक आराखडा २०११" या नावाचा आराखडा अधिसूचित झाला, त्यात डोंगरउतार आणि शेतं वसाहतीखाली गेलेली पाहून गोवा बचाव अभियान उभं राहिलं आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. नंतर चार्ल्स कोरिया यांच्या कृतिदलाने पुढचा आराखडा केला, तेव्हा गावागावांतून सूचना मागवल्या होत्या. मावशी सांगते, पंचायतीत नकाशा पसरून बायका आपापली भाटं, म्हणजे बागायती, आणि तळी दाखवत होत्या. मग २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) आलं. आराखड्यातल्या "चुका" दुरुस्त करायच्या म्हणून एकेका प्लॉटचा झोन अर्जावर बदलता येऊ लागला. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये त्याखालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वं रद्द केली. गावाने मिळून रंगवलेला नकाशा एकेका अर्जाने खोडायचा असेल, तर गाव पुन्हा कधी नकाशाभोवती जमेल?

दाट वस्ती कुठे नको, हेही मी तितक्याच स्पष्टपणे सांगते. कृष्णेने ऑगस्ट २०१९ मध्ये आणि जुलै २०२१ मध्ये आमच्या घाटाच्या पायऱ्या, मंडई, खालची आळी सगळं पोटात घेतलं. जलसंपदा विभाग पूररेषा आखतो. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत एकही नवीन वीट नको, मग जागा कुणाचीही असो. पण या रेषा लोकांनी कुठे पाहाव्यात? चिपळूणने २०२१ चा महापूर भोगला आणि नंतर पूररेषांचे नकाशे आले तेव्हा अर्धं शहर रेषेत सापडल्याने किती गदारोळ झाला, ते सगळ्यांनी वाचलं आहे. रेषा आधीपासून चौकाचौकात रंगवलेली असती, विजेच्या खांबावर पाणी कुठवर आलं होतं त्याची खूण असती, तर खालच्या आळीत घर घेणाऱ्याने सह्या करण्याआधी तिकडे एकदा तरी पाहिलं असतं.

उघडेपणाच्या बाजूने बोलताना एक गोष्ट मात्र मला सतत टोचते. सुनावणीला येतात ते घर असलेले लोक. दुपारी बारा वाजता, कामाच्या दिवशी, नगरपरिषदेच्या सभागृहात तास-दोन तास बसायला ज्यांना जमतं ते. नर्स ड्यूटीवर असते, वाहक गाडीवर असतो, आणि जे कुटुंब अजून रानातल्या गुंठ्यावर पत्र्याच्या खोलीत राहतं, त्याला अशी सुनावणी आहे हेच ठाऊक नसतं. मग नोंदवहीत हरकती येतात त्या एकाच बाजूच्या, आणि साहेब अहवालात लिहितात की नागरिकांचा विरोध आहे. दार उघडलं, पण आत तेच ते लोक आले, तर गावातल्या घरांची दारं बाहेरून बंदच राहणार.

नव्या नगरसेवकांना आम्ही गल्लीतून लिहून दिलं आहे. सभेची विषयपत्रिका सात दिवस आधी फलकावर आणि संकेतस्थळावर लावावी. जमिनीचा किंवा आरक्षणाचा कुठलाही विषय ऐनवेळी घेऊ नये. दर महिन्याला दिलेल्या बांधकाम परवानग्यांची यादी प्रभागवार लावावी. रुंदीकरणाच्या रेषेत ज्यांची घरं येतात त्यांना घरपट्टीच्या बिलाबरोबर कळवावं. बिल तर घरोघर जातंच, त्यात एक कागद जास्त. सुनावणी रविवारी किंवा संध्याकाळी घ्यावी. यातलं काहीही नवं नाही. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ हेच सांगतं की न मागता माहिती द्या, आणि लोकांवर परिणाम करणारे निर्णय घेताना सगळी तथ्यं जाहीर करा. तो कायदा २००५ सालचा आहे.

सध्या आमच्याकडे जाहिरात निघाली आहे ती बसस्थानकामागच्या बगिच्याच्या आरक्षणाची. नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली ते आरक्षण वगळून रहिवासी करायचं आहे. हरकत द्यायला एक महिना. अण्णा म्हणतात, बगिचा राहिलाच पाहिजे. काकू म्हणतात, तिथे चार वर्षांत एक झाडही लावलं नाही, नुसते डुक्कर फिरतात. मी अर्धी जागा मुलांना खेळायला मोकळी आणि अर्ध्या जागेवर नगरपरिषदेने छोटी, भाड्याची घरं बांधावीत असं सुचवलं आहे. तिघांचं जमलं नाही, म्हणून तीन वेगळे अर्ज दिले. माझ्या अर्जावर त्या शिक्षिकेची सही आहे, रुग्णालयातल्या दोन नर्सची आहे, आणि पत्त्याच्या रकान्यात त्यांनी घरमालकाचं नाव न घालता स्वतःचं घातलं आहे. आवक शिक्का मारून पोच घेतली. सुनावणीची तारीख अजून यायची आहे.